पाण्याच्या दोन वाटा : प्रौढ वयात नळकाम शिकणाऱ्यांसाठी प्रस्तावना

नळकाम, म्हणजे रोजच्या बोलण्यात ज्याला प्लंबिंग म्हणतात ते काम, इमारतीतील पाण्याच्या दोन वाटांशी निगडित असते : एक वाट आत येणाऱ्या स्वच्छ पाण्याची आणि दुसरी बाहेर जाणाऱ्या सांडपाण्याची. आत आलेले पाणी प्रत्येक नळापर्यंत पुरेशा दाबाने पोचवणे, वापरलेले पाणी दुर्गंधी आणि रोगराई मागे न ठेवता बाहेर काढणे आणि या दोन वाटा कोठेही एकमेकींना भेटणार नाहीत याची काळजी घेणे, या तीन कर्तव्यांत या व्यवसायाचे सारे शास्त्र सामावलेले आहे. प्रस्तुत पुस्तक हे शास्त्र पंचविशी-तिशी ओलांडलेल्या, संसाराची जबाबदारी अंगावर असलेल्या आणि शेती, कारखाना, दुकान किंवा रोजंदारी असा काही अनुभव गाठीशी बांधलेल्या प्रशिक्षणार्थींसाठी मांडते. अशा व्यक्तीकडे या व्यवसायाला लागणारे निम्मे भांडवल, म्हणजे हाताची सवय, कामाची शिस्त आणि दुसऱ्याच्या घरात वावरताना लागणारी जबाबदारीची जाणीव, आधीच जमा असते. उरलेले निम्मे, म्हणजे कारणांसह समजलेले तंत्र, मात्र नुसते बघून येत नाही, ते क्रमाने शिकावेच लागते, हे या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन आहे.

हे पुस्तक डोळ्यांपुढे ठेवते त्या मराठवाड्यातील जालना जिल्ह्याची पार्श्वभूमी या प्रतिपादनासाठी विशेष महत्त्वाची ठरते. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्यात जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, परतूर, मंठा, अंबड आणि घनसावंगी असे आठ तालुके आहेत. दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, पूर्णा आणि दुधना या नद्या जिल्ह्यातून जातात आणि जालना शहर कुंडलिकेच्या काठी वसलेले आहे, तरीही पाण्याची चणचण हा येथील जीवनाचा स्थायी भाग आहे. जमिनीखाली काळ्या बेसाल्ट खडकाचे थर असल्यामुळे पाणी केवळ भेगांत आणि मुरमाच्या थरात साठते, पाऊस लहरी असतो आणि एखादे वर्ष कोरडे गेले की विहिरी आणि बोअर एकदमच आटतात. २०१२-१३ च्या दुष्काळात राज्यात सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत जालना होता. मोसंबीच्या वाढलेल्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या आणि शहराला टँकरवर दिवस काढावे लागले. निजामकालीन घाणेवाडी जलाशयावर दीर्घकाळ अवलंबून असलेल्या या शहराला पुढे पैठणच्या जायकवाडी धरणातून अंबडमार्गे येणाऱ्या जलवाहिनीचा आधार मिळाला. इतक्या लांबून आणि एवढ्या खर्चाने आणलेले पाणी घराच्या उंबऱ्याशी पोचल्यावर एखाद्या ढिल्या जोडातून झिरपून जात असेल, तर धरण, पंप आणि जलवाहिनी यांवरील सारा खर्च त्या जोडापाशी वाया जातो. म्हणून पाण्याच्या साखळीतील शेवटचा कारागीर, म्हणजे प्लंबर, किती जाणता आहे हा प्रश्न या जिल्ह्यात सार्वजनिक हिताचा ठरतो.

मराठवाड्याला नळाने पाणी आणण्याची कला नवी नाही. सतराव्या शतकाच्या प्रारंभी मलिक अंबरने खडकी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर शहरासाठी उभारलेली नहर-ए-अंबरी ही भूमिगत व्यवस्था डोंगराकडील झिरपा गोळा करून केवळ उताराच्या बळावर शहरात पाणी खेळवत असे आणि तिच्या वाटेवर जागोजाग उभारलेले बांधीव खांब नळातील कोंडलेली हवा आणि वाढलेला दाब मोकळा करण्याचे काम करीत. खुद्द जालन्यातही जमशेदखान नावाच्या व्यक्तीने मोती तलाव बांधून तेथील पाणी भूमिगत नळ आणि हौद यांच्या साह्याने वस्तीत वाटल्याची नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आढळते. आजच्या प्लंबरला ज्या तीन गोष्टी रोज हाताळाव्या लागतात, म्हणजे उतार, दाब आणि नळात अडकलेली हवा, त्यांचा विचार या भूमीत इतका जुना आहे.

असे असले तरी घरोघरी नळ जोडणारा कारागीर हा गावगाड्याचा घटक कधीच नव्हता. सुतार, लोहार, कुंभार यांना बलुतेदारीत ठरलेले स्थान होते, पाणी भरणारा कोळीही काही ठिकाणी बलुतेदारांत मोजला जाई. परंतु घरोघरी बंदिस्त नळातून दाबाखाली पाणी आणण्याचे काम आधुनिक नगरांबरोबर आले आणि ते कोणत्याही एका जातीच्या वाट्याला वारशाने गेले नाही. पारंपरिक कारागिरांसाठी केंद्र शासनाने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांच्या यादीत प्लंबरचा समावेश नाही, यावरूनही हे लक्षात येते. नळकाम असे वारशाने न आल्याचे दोन परिणाम झाले. पहिला असा की, या व्यवसायाचे दार जन्माने कोणालाही बंद नाही. दुसरा असा की, ज्या घरात लहानपणापासून हे काम डोळ्यांसमोर चालते अशी घरे थोडी आहेत आणि त्यामुळे बहुतेक जण मोठेपणीच, कोणाच्या तरी हाताखाली राहून, या कामात शिरतात. अशाच हाताखालच्या शिक्षणाच्या बळावर ओडिशातील केंद्रपाडा जिल्ह्यातून पिढ्यान्‌पिढ्या देशभरच्या शहरांत प्लंबर जात आले. नात्यातल्या माणसाने गावातल्या माणसाला बोलावून शिकवावे, अशी तेथील रीत पडली आणि पुढे तेथे पट्टामुंडाई येथे नळकामाच्या शिक्षणाची शासकीय संस्थाही उभी राहिली. एखादा कृषिप्रधान प्रदेश या व्यवसायात नाव कमावू शकतो, याचे ते ठळक उदाहरण आहे.

जालना जिल्ह्यातील प्रौढ प्रशिक्षणार्थी कोठून येतो, हे पाहिले तर त्याच्या पूर्वतयारीची कल्पना येते. ठिबक सिंचन वापरणारा शेतकरी पीव्हीसी नळी कापतो, जोडतो, तिची गळती काढतो, फिल्टर धुतो आणि बोअरमधली मोटार वर काढून पुन्हा सोडतो. कडवंचीसारख्या गावात, जेथे खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साह्याने पाणलोटाचे काम झाले आणि शेततळ्यांच्या भरवशावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या, तेथे पाण्याचा हिशेब ही शेतकऱ्याची रोजची बाब आहे. शहरालगतच्या औद्योगिक वसाहतीतील सळ्यांच्या कारखान्यात काम केलेल्या माणसाला मोजमाप, अवजड वस्तूंची हाताळणी आणि सुरक्षिततेची सवय असते. बांधकामावर मिस्त्रीच्या हाताखाली राबलेल्याला भिंत, गिलावा आणि फरशी यांचा क्रम पाठ असतो. मात्र शेतातील नळकाम आणि घरातील नळकाम यांत एक मूलभूत फरक आहे : शेतात जोड निसटला तर पाणी मातीत मुरते आणि डोळ्यांना दिसते, घरात तोच जोड फरशीखाली किंवा भिंतीत गाडलेला असतो आणि तो निसटल्याचे कळेपर्यंत भिंतीला ओल आलेली असते. शिवाय शेतातील नळीला सांडपाण्याची बाजू नसते. घरात ती निम्मी असते.

येथे दोन साध्या क्रिया जवळून पाहणे उपयुक्त ठरेल, कारण या व्यवसायातील कौशल्य कशात असते हे त्यांतून स्पष्ट होते. गरम आणि थंड अशा दोन्ही पाण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सीपीव्हीसी नळीचा जोड वरवर अगदी सोपा दिसतो. नळी काटकोनात कापायची, कापलेल्या कडेची कुसळे काढायची, नळी एल्बोमध्ये, म्हणजे वळण देणाऱ्या जोडतुकड्यात, कोरडी बसवून खोलीची खूण करायची, नळीच्या बाहेरून आणि एल्बोच्या आतून सॉल्व्हंट सिमेंट, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग विरघळवून एकजीव करणारा द्रव, लावायचा, नळी पाव फेरा फिरवत आत दाबायची आणि काही क्षण घट्ट धरून ठेवायची. यातील प्रत्येक पायरीला कारण आहे. काप तिरका असेल तर नळी तळापर्यंत टेकत नाही. कुसळ राहिले तर ते लावलेला द्रव खरवडून काढते. फिरवल्याने द्रव सर्वत्र सारखा पसरतो. हात लगेच सोडला तर निमुळत्या तोंडातून नळी हळूच मागे सरकते. आणि एल्बोत आतून द्रव जास्त भरला तर तो नळीत साचून वाट अरुंद करतो. साध्या पीव्हीसीचे सिमेंट सीपीव्हीसीला लावले तर जोड दिसायला पक्का दिसतो, पण गीझरचे पाणी सुरू झाल्यावर तो दगा देतो. ही कारणे ज्याला ठाऊक आहेत तो जोड घाईत उरकत नाही, आणि नळ्या भिंतीत बुजवण्यापूर्वी हातपंपाने दाब चढवून तपासणी घेतल्याशिवाय गिलावा करू देत नाही.

दुसरी क्रिया न्हाणीघरातील नहाणी ट्रॅप बसवण्याची आहे. ट्रॅप म्हणजे सांडपाण्याच्या वाटेवर मुद्दाम ठेवलेले वळण, ज्यात साधारण ५० मिलिमीटर खोलीचे पाणी कायम उभे राहते. हे उभे पाणी गटारातील वायू आणि किडे यांना घरात येऊ देत नाही. ट्रॅपच्या पुढील नळीला हवेची वाट, म्हणजे वर गच्चीपर्यंत गेलेली व्हेंट नळी, नसेल तर वरच्या मजल्यावरून एकदम आलेला लोंढा हे उभे पाणी ओढून नेतो आणि घरात दुर्गंधी येऊ लागते. पुढील चार इंची नळीला साधारण ४० फुटांत १ फूट इतका उतार दिला जातो. तो फार कमी असला तर घाण तळाशी बसते. हा उतार नजरेने ठरवता येत नाही, तो लेव्हल नळी आणि पाणसळ यांनीच काढावा लागतो. ज्या घरात आठवडेच्या आठवडे दुर्गंधी येते आणि फिनाइल ओतून ती झाकली जाते, तेथे दोष बहुधा या तीन गोष्टींपैकी एकीत असतो.

दाबाचे गणितही असेच सोपे आणि अटळ आहे. १० मीटर उंचीवरचे पाणी खाली सुमारे १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाब देते. म्हणून गच्चीवरील टाकी शॉवरपासून ३ मीटर उंच असेल तर शॉवरला त्याच्या जेमतेम ३० टक्के दाब मिळतो आणि अर्धा इंची नळीला चार अनावश्यक एल्बो लावले की तोही घटतो. जालना जिल्ह्यात या गणितात आणखी एक गोष्ट मिसळते : येथील नळाला पाणी रोज येत नाही, ते काही दिवसांच्या अंतराने आणि ठरावीक वेळ येते. त्यामुळे पुष्कळ घरांत जमिनीखालचा हौद, मोटार, गच्चीवरील टाकी, टाकी भरल्यावर पाणी बंद करणारा बॉलकॉक आणि पाणी उलटे जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अशी एक छोटी पाणीपुरवठा योजनाच उभी असते. पुरवठा बंद झाला की रस्त्यातील वाहिनी रिकामी होते, तिच्यातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि फुटक्या जागेतून लगतच्या नालीतील पाणी आत ओढले जाते. नाली ओलांडून घरात आणलेली नळजोडणी किंवा वाहिनीलाच थेट लावलेली मोटार ही म्हणूनच साऱ्या गल्लीच्या आरोग्याला घातक ठरते. आमांश, कावीळ आणि विषमज्वर यांच्या साथींचे मूळ पुष्कळदा अशाच जोडात असते. हे समजलेला प्लंबर गिऱ्हाइकाने आग्रह धरला तरी तसा जोड देणार नाही.

हे सारे शिकण्याच्या वाटा आज एकाहून अधिक आहेत. शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेखाली १९५० पासून चालणाऱ्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, म्हणजे आयटीआयमध्ये, नळ कारागीर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी किमान वय १४ असले तरी कमाल वयाची मर्यादा नाही, ही बाब अनेक प्रौढांना ठाऊकच नसते. दुसरी वाट १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाची आहे. तीत आस्थापनेत प्रत्यक्ष काम करता करता विद्यावेतन मिळते. तिसरी वाट ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांची असून कर्नाटकातील उजिरे येथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगावर त्या बेतलेल्या आहेत. बँकांच्या पुढाकाराने चालणाऱ्या या संस्थांत अल्प मुदतीचे, विनामूल्य आणि निवासी वर्ग होतात. चौथी वाट पूर्वकौशल्य मान्यतेची आहे : २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, जो माणूस अनुभवाने काम शिकलेला आहे पण ज्याच्याकडे कागद नाही, त्याची चाचणी घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची तरतूद करण्यात आली. पाचवी आणि सर्वांत जुनी वाट जाणत्या मिस्त्रीच्या हाताखाली राहण्याची आहे. यांपैकी एकच वाट पुरेशी आहे असे मानणे चूक ठरेल. नुसत्या वर्गात शिकलेल्याला जुन्या घराच्या भिंतीत काय दडले आहे याचा अंदाज येत नाही आणि नुसते हाताखाली शिकलेला माणूस उस्तादाच्या कौशल्याबरोबर त्याच्या चुकाही उचलतो. प्रौढाने आधी अल्प मुदतीचा वर्ग करावा, मग किमान वर्षभर हाताखाली काम करावे आणि नंतर चाचणी देऊन प्रमाणपत्र घ्यावे, हा क्रम बहुतेकांना परवडणारा आणि हिताचा आहे.

प्रौढ शिक्षणाच्या अडचणी खऱ्या आहेत आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहिली अडचण रोजगाराची आहे, कारण शिकण्याच्या काळात मजुरी बुडते किंवा घटते. शेतीची कामे संपल्यापासून पेरणीपर्यंतचा काळ त्यासाठी राखून ठेवणे हा त्यावरचा एक व्यवहार्य उपाय आहे. दुसरी अडचण मानाची आहे. पस्तिशीतल्या माणसाला पंचविशीतल्या मिस्त्रीला ‘उस्ताद’ म्हणावे लागते, त्याने सांगितल्यावर पाईप पाना आणून द्यावा लागतो, भिंतीत झिरी काढण्याचे काम निमूटपणे करावे लागते; ज्याला हे जड जाते तो महिनाभरात काम सोडतो. तिसरी अडचण गणिताची आहे, कारण बाजारात अर्धा इंची, पाऊण इंची अशी भाषा चालते, नळीवर मिलिमीटर छापलेले असतात आणि नकाशा मीटरमध्ये असतो. या तिन्हींचे परस्पर रूपांतर तोंडपाठ होईपर्यंत वहीत लिहून काढावे लागते. चौथी अडचण शरीराची आहे : उकिडवे बसणे, अरुंद शाफ्टमध्ये शिरणे आणि डोक्याच्या वर हात धरून पाना फिरवणे यांनी गुडघे आणि पाठ धरते, म्हणून गुडघ्याखाली गादी आणि कामात विश्रांती यांना आळस समजू नये.

सुरक्षिततेचा एक मुद्दा स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. सेप्टिक टँक किंवा गटाराच्या चेंबरमध्ये साचलेले वायू काही श्वासांत माणसाचा जीव घेतात, आणि संरक्षक साधनांवाचून माणसाला त्यात उतरवण्यास २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाने बंदी केली आहे. टाकी उपसणे हे यंत्राचे काम आहे, ते प्लंबरचे किंवा त्याच्या हेल्परचे काम नव्हे. कोणत्याही रकमेसाठी त्यात उतरू नये आणि दुसऱ्याला उतरवू नये. सांडपाण्याच्या कामाला समाजात चिकटवलेला कमीपणाही याच ठिकाणी नाकारला पाहिजे, कारण सांडपाण्याची वाट नीट आखणारा कारागीर वस्तीला रोगांपासून वाचवतो आणि जातीच्या चौकटीतून त्याच्या कामाकडे पाहणे हे अज्ञान आहे.

काम हाती आल्यावर ते कायदेशीर पायावर उभे करावे लागते. नगरपालिका आणि महानगरपालिका नव्या नळजोडणीसाठी प्लंबरना परवाने देतात. जालना शहरातही २०२३ पासून महानगरपालिका आहे. वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयोगटातील कारागिराला १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियमाखाली स्थापन झालेल्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते आणि त्यात प्लंबरही येतो. खेड्यांत १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी घरच्या नळाला देण्याचे ध्येय ठरवले आणि त्या नळांच्या देखभालीसाठी गावातच ‘नल जल मित्र’ तयार करण्याची कल्पना मांडली. नळ बसवणे ही एकदाच होणारी घटना आहे, तो चालू ठेवणे मात्र पिढ्यांचे काम आहे. म्हणून प्रत्येक मोठ्या गावात निदान दोन प्रशिक्षित माणसे असणे गरजेचे आहे, आणि त्यांत एक स्त्री असणे अधिक श्रेयस्कर, कारण घरातल्या पाण्याची व्यवस्था जिच्या हाती असते तिलाच नळाचा दोष सर्वांत आधी कळतो आणि घरात पुरुष नसताना दुरुस्तीसाठी स्त्री प्लंबरला सहज बोलावता येते.

पुस्तकाची मांडणी याच विचारक्रमाने केलेली आहे : आधी पाणी, दाब आणि उतार यांचे शास्त्र, मग हत्यारे आणि नळ्यांचे प्रकार, त्यानंतर पुरवठा आणि सांडपाणी यांची प्रत्यक्ष कामे, पुढे दुरुस्ती, आणि अखेरीस मालाचा अंदाज, दर, पावती आणि नोंदणी असा व्यवहाराचा भाग. प्रत्येक प्रकरण वाचल्यावर त्यातील काम जाणत्याच्या देखरेखीखाली हाताने करून पाहावे, अशी वाचकाला विनंती आहे, कारण पाना हातात घेतल्यावाचून या पुस्तकाचा उपयोग नाही. प्रशिक्षण संस्था, ग्रामपंचायती आणि अनुभवी मिस्त्री यांच्याकडेही एक मागणे आहे : दारात आलेल्या चाळिशीच्या माणसाला वय विचारून परत पाठवू नये. पाण्यासाठी उन्हाळेच्या उन्हाळे झगडलेल्या जिल्ह्यात पाण्याचे मोल त्याला कोणी शिकवावे लागत नाही. त्याला फक्त तंत्र शिकवायचे आहे, आणि ते शिकवता येते.